चौथा स्क्रू

१४ सप्टेंबर २००५, बुधवार

तीन स्क्रू निघाले, चौथा निघाला नाही. त्याच्या डोक्यावरची खाच झिजली आहे. स्क्रूड्रायव्हर फिरतो, स्क्रू फिरत नाही. झाकण तिरकं करून आत बॅटरीचा उजेड टाकला. पंख्यावर धुळीचा आणि तेलाचा थर. त्यामागे डिस्क. बोट लावून पाहिलं, तापलेली होती. संगणक चालूच होता. तो कधी बंद करायचा नाही असा नियम आहे. नियम माझाच.

विशालाक्षी रेडिएटर हातात धरून शेजारी उभी होती. गळती तपासणीच्या केबिनमध्ये या टेबलावर तीच बसते.

"सार्, बघून झालं का? मागे रांग लागलीय."

झाकण होतं तसं बसवलं.

दुपारी गुरुराज रावांनी बोलावलं. ते कारखान्याचे प्रमुख. मूळचे तंजावरचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली जुनी मराठी बोलतात, आणि माझ्याशीही तीच. माझा राजीनामा त्यांच्यापुढे होता.

"कराडास जातोस. बरें. बायको लेकरूं तिथें, तूं इथें, हें बरें नव्हेच. मी कसा अडवूं? पण सांग, तूं गेल्यावर ह्या मशीनास कोण पाहील?"

"कोणीतरी शिकेल."

"अठ्ठ्याण्णव आतां कोण शिकेल, पा? नवीं पोरें हसतात."

मग अट ठरली. गळती तपासणीचा संगणक विंडोज ९८ वरून एक्सपीवर न्यायचा, श्रीनिधीच्या ताब्यात द्यायचा आणि मोकळं व्हायचं. कराडच्या फाउंड्रीत सतरा ऑक्टोबरला हजर व्हायचं आहे. महिना हातात आहे. काम दोन दिवसांचं.

१५ सप्टेंबर, गुरुवार

काम नीट लिहून काढावं म्हणजे विचार नीट होईल.

रेडिएटरची दोन्ही तोंडं रबराने दाबून बंद करायची. आत हवा भरायची. थांबायचं. दाब उतरला तर तांबडा दिवा. नाही उतरला तर प्रिंटरमधून स्टिकर येतं: पास. पास म्हणजे आत कोंडलेली हवा कुठूनही सुटली नाही. इरुंगाट्टुकोट्टैच्या या कारखान्यातला प्रत्येक रेडिएटर याच टेबलावरून बाहेर पडतो. हा संगणक थांबला की सगळी लाइन थांबते.

प्रोग्राम मी लिहिला, इथे आलो त्याच वर्षी. तेव्हा नवीन लग्न झालेलं होतं. चारुलता खोलीवर वाट बघायची आणि मी इथे बसून लिहायचो. हौसेने.

डिस्क जुनी आहे. फिरते आहे तोवर फिरेल. एकदा थंड झाली की परत फिरेलच असं सांगता येत नाही.

१८ सप्टेंबर, रविवार

फोन केला.

"ठरलं?" चारुलता म्हणाली.

"ठरलं. फक्त सिस्टिम बदलायची आहे."

"किती दिवसांचं काम?"

"दोन."

"मग बदल की."

"इतकं सोपं नसतं ते."

"आत्ताच दोन दिवस म्हणालास."

रेवाने फोन घेतला. "बाबा, तू आल्यावर तुझं कपाट परत घेणार?"

"का गं?"

"त्यात माझं सामान आहे."

"नाही घेणार."

"मग तू कपडे कुठे ठेवशील?"

मागून चारुलताचा आवाज आला, "त्याला सांग, बॅगेतच ठेव. सवय आहे."

दोघी हसल्या. मीही हसलो.

दुपारी खोलीतच पडून होतो. जवळच्या एग्मोर स्टेशनवरच्या घोषणा ऐकू येतात: मदुरै, तिरुच्चि, तंजावर. इथून गाड्या दक्षिणेला जातात. घरच्या बाजूला जाणाऱ्या गाड्या शहरातल्या दुसऱ्या स्टेशनहून, सेंट्रलहून, सुटतात. खोली घेताना हे लक्षात आलं नव्हतं.

२१ सप्टेंबर, बुधवार

श्रीनिधी आजपासून माझ्याबरोबर. इथल्याच कॉलेजातून इंजिनियर झालेली. तीही तंजावर मराठ्यांपैकी.

"माझी मराठी आजीची आहे, सर. हसायचें नाहीं."

"नाही हसणार."

"मनांत पण नाहीं."

तिने दोन तासांत माझा प्रोग्राम वाचून काढला. मग म्हणाली, "पेटी तीच ठेवूं. दाब वाचणारें कार्ड तेंच. फक्त डिस्क दुसरी. नव्या डिस्कवर एक्सपी घालूं, तुमचा प्रोग्राम घालूं. नाहीं चाललें तर जुनी डिस्क परत लावूं. पंधरा मिनिटें. मग भय कशाचें?"

मी म्हणालो, तो चौथा स्क्रू निघत नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. लाइन थांबली की काय होतं हे तिने अजून पाहिलेलं नाही.

२४ सप्टेंबर, शनिवार

क्वालिटीच्या खोलीत तशीच एक जुनी पेटी पडून होती. तिच्यात नवी डिस्क घातली. नवी सिस्टिम प्रोग्रामला कार्डाशी थेट बोलू देत नाही, मध्ये एक दुवा लागतो. तो मी लिहिला. पहिल्याच खेपेला चालला. नाकारलेले वीस-एक रेडिएटर आणून तपासले. सगळे नापास, जसे व्हायला हवेत. चांगले आणले. सगळे पास.

श्रीनिधी म्हणाली, "झालें!"

एवढ्यावर विश्वास ठेवता येत नाही. क्वालिटीच्या खोलीत वातानुकूलन आहे. लाइनवर नाही.

२६ सप्टेंबर, सोमवार

श्रीनिधीने पेटी लाइनजवळ, पत्र्याखाली आणून ठेवली. घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला होता. सगळे आकडे बरोबर आले.

पण मला वाटतं, नवी सिस्टिम आकडा किंचित उशिरा घेते. श्रीनिधी म्हणते, घेत नाही. तिने मोजून दाखवलं. मोजण्यात येणार नाही इतका उशीरही उशीरच असतो.

२८ सप्टेंबर, बुधवार

कराडहून पत्र आलं. सतरा तारीख पक्की. त्यानंतर ते थांबणार नाहीत, दुसरा माणूस तयार आहे.

चारुलताला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं, लिहून दिलंय."

"का?"

"तुला लिहिलेलं लागतं."

३० सप्टेंबर, शुक्रवार

ज्या कार कंपनीला आम्ही रेडिएटर देतो तिचे दोन तपासनीस आले. एकाने माझ्या पडद्यापाशी वाकून पाहिलं आणि दुसऱ्याला म्हणाला, "हा संग्रहालयाला देऊन टाका. तिकीट लावता येईल."

गुरुराज राव हसले. विशालाक्षीला इंग्रजी कळलं नाही, तरी तीही हसली. मीही हसलो. पुढच्या वेळी हा इथे दिसला तर तुमचा माल घेणार नाही, असंही तपासनीस जाताना म्हणाले. मग कोणी हसलं नाही.

संध्याकाळी बसमध्ये वाटेतल्या पूंदमल्लीपर्यंत त्याच माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे होता. इतका राग का यावा? तो मला काही बोलला नव्हता.

२ ऑक्टोबर, रविवार

तिकीट काढलं. तेरा ऑक्टोबर, गुरुवार, सेंट्रलहून सकाळची गाडी. पुण्याला उतरून पुढे कराड. आरक्षण मिळालं, खिडकीजवळचं. श्रीनिधीने काल कारखान्यातल्या इंटरनेटवरून काढून दिलं. कुरियरने खोलीवर येईल.

गुरुराज रावांनी मुहूर्तही ठरवला आहे. अकराला आयुधपूजा. त्या दिवशी सगळी यंत्रं बंद करून, पुसून, गंध-कुंकू लावून ठेवतात. बाराला विजयादशमीच्या सकाळपर्यंत कोणी हात लावत नाही. वर्षात लाइन थांबते ती तेवढीच. दहाला संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर डिस्क बदलायची, अकराला नव्या सिस्टिमची पूजा, बाराला तिच्यावर लाइन सुरू.

"विजयादशमीस आरंभ केलेलें कधीं मोडत नाहीं," ते म्हणाले.

आमच्याकडेही खंडेनवमीला हत्यारं मांडतात. पण आई संध्याकाळी विळी उचलून घ्यायची. स्वयंपाक कोण करणार?

४ ऑक्टोबर, मंगळवार

स्टिकरची सगळ्यात खालची ओळ अर्धी कापली जाते. म्हणजे मी म्हणत होतो ते खरं होतं. सगळं नीट नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

गुरुराज रावांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, कृष्णवेणीबाईंनी, नवरात्राच्या बाहुल्या पायऱ्या-पायऱ्यांवर मांडल्या होत्या. सगळ्यात वर लाकडाचे राजा-राणी, रंग उडालेले. सगळ्यात खाली प्लास्टिकचा क्रिकेटवाला.

"हा कसा काय?" मी विचारलं.

"दर वर्षीं एक तरी नवी आणावी लागते," त्या म्हणाल्या. "रीत आहे. नातवाने हा आणला. काय करूं?"

"मग जुन्या काढता?"

"कां काढूं? एक पायरी वाढवायची."

वाटलेल्या खोबऱ्यात परतलेले हरभरे त्यांनी द्रोणात घालून दिले. चारुलता इथे होती तेव्हा एकदा आम्ही दोघं इथे आलो होतो. कृष्णवेणीबाईंनी तिला खण दिला होता. आज त्या म्हणाल्या, "तिला फार एकटें वाटायचें. मला सांगायची."

मला कधी सांगितल्याचं आठवत नाही.

गुरुराज राव दारापर्यंत आले. "दहा तारखेस काम होईल ना?"

"स्टिकरची ओळ कापली जाते."

"ओळ!" ते म्हणाले. "अरे, तुला मी सोडतोंय. तूं मला सोड कीं."

९ ऑक्टोबर, रविवार

सामान बांधायला बॅग काढली. दोन शर्ट घातले. बाकीचे रोज लागतात.

१० ऑक्टोबर, सोमवार

शिफ्ट सुटली. मशीन एकेक करून गप्प झाली. मी कँटीनमध्ये चहाला गेलो, परत आलो तर संगणकाचं झाकण बाजूला उभं होतं आणि चौथा स्क्रू टेबलावर. श्रीनिधीने खाचेवर रबर बँड ठेवून त्यावरून स्क्रूड्रायव्हर दाबला होता. इतकंच.

"आतां बंद करा, सर. डिस्क काढते."

नवी डिस्क तिच्या हातात होती.

"आज नको," मी म्हणालो.

"कां?"

"स्टिकरची ओळ."

"ती मी सकाळीच बरोबर केली. दाखवलें तुम्हांला. तुम्ही बरें म्हणालात."

"उद्या पूजा आहे. घाईघाईने काही करायला नको."

"पूजा उद्यां आहे म्हणूनच तर आज करायचें, सर."

मी सांगितलं की तेरा तारखेला सकाळी करू. मग आठवलं, तेराला माझी गाडी आहे. तिलाही आठवलं असणार, तिकीट तिनेच काढलेलं. तिने झाकण बसवलं, तीन स्क्रू लावले, चौथा माझ्या तळहातावर ठेवला.

"हा तुमच्याकडेच ठेवा."

गुरुराज रावांना फोन करून सांगितलं की थोडी चाचणी राहिली आहे. ते म्हणाले, "सेरी. बरें."

मी सावध आहे, दुसरं काही नाही. एवढी मोठी लाइन. कोणीतरी सावध असायला हवं.

११ ऑक्टोबर, मंगळवार

आयुधपूजा. फाटकात कोहळा फोडला. बसच्या चाकांखाली लिंबं. प्रत्येक मशीनला गंध, कुंकू, केळीचा खांब. प्रसादाला चुरमुरे, डाळं, गूळ. शिफ्टमधल्या बायका रेशमी साड्या नेसून आल्या होत्या. एरवी निळ्या कोटात असतात, काहींना ओळखलंच नाही.

दर वर्षी इतर सगळी यंत्रं बंद करतात, माझा संगणक मात्र चालू ठेवून फक्त पडदा मालवतो. सगळ्यांना ते माहीत आहे. विशालाक्षी झेंडूची माळ घेऊन आली. पेटीच्या गरम हवेने दर वर्षी तिची माळ संध्याकाळपर्यंत सुकते.

"यालाही एक दिवस निजू द्या, सार्," ती म्हणाली. "हा बंद होत नाही, तुम्ही गावी जात नाही. एकाच राशीचे दोघं."

बायका हसल्या.

मी बटण दाबलं. मुद्दाम असं नाही. हात जवळच होता. पडदा काळा झाला, पंखा थांबला. मग डिस्कचा आवाज बारीक होत होत गेला आणि संपला. या केबिनमध्ये मी कधी शांतता ऐकली नव्हती. बाहेरच्या झाडावरचे कावळे ऐकू आले.

विशालाक्षीने हसू आवरलं. "खरंच बंद केलात?"

गुरुराज राव आरतीचं तबक घेऊन आले. ते पेटीजवळ थांबले, कान देऊन.

"बंद केलास?"

"रीत आहे."

"आजवर नव्हती."

ते पुढच्या मशीनकडे गेले. श्रीनिधी दारात उभी होती. रेशमी परकर-ओढणीत ती एकदम लहान दिसत होती.

मी रीत पाळली. सगळ्यांनी पाळली. उद्या सुरू झाला तर झाला. नाही झाला तर तो काही माझा निर्णय नव्हे.

संध्याकाळी चारुलताचा फोन आला.

"झालं का काम?"

"उद्या कळेल."

"काय कळेल?"

"सुरू होतो की नाही ते."

"आणि झाला तर?"

"तर मग... बघू."

"सिद्धार्थ, तुला यायचंय का?"

"हे काय विचारणं? मशीनचं बघतोय ना."

"मी मशीनचं विचारलं नाही." मग म्हणाली, "उद्या आमच्या शाळेला दसऱ्याची सुट्टी आहे. दिवसभर घरीच आहोत दोघी. काय ते कळव. रेवाने कपाट रिकामं केलंय. कोणी सांगितलं नव्हतं तिला."

१२ ऑक्टोबर, बुधवार

विजयादशमी. छोटी पूजा झाली. सगळे जमले होते. मी बटण दाबलं. पंखा फिरला. डिस्क एकदा खटकली, पुन्हा खटकली. पडद्यावर पांढरी ओळ आली: डिस्क सापडत नाही. मी पुन्हा दाबलं. तेच. पेटीवर हात ठेवला. थंडगार होती. हाताला गंध लागलं.

श्रीनिधी पिशवीतून नवी डिस्क काढून उभी होती. ती घेऊनच आली होती. तिने तीन स्क्रू काढले. मी बाजूला झालो. मला वाटलं होतं बराच वेळ लागेल.

विशालाक्षीने पहिला रेडिएटर लावला. तोंडं बंद झाली, हवा भरली. सगळे दिव्याकडे बघत होते. स्टिकर आलं. खालची ओळ पूर्ण होती. पास. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी श्रीनिधीच्या तोंडात गूळ घातला. दुसरा रेडिएटर, तिसरा. लाइन चालू झाली.

गुरुराज राव मला त्यांच्या खोलीत घेऊन गेले. सुटकेचं पत्र तयार होतं. सही झालेली.

"जा. आजच मोकळा केला तुला."

मी पत्र हातात घेतलं. मग म्हणालो, "नवीन सिस्टिम आहे. सुरुवातीला कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. दिवाळीपर्यंत थांबतो."

"कोणासाठीं?"

"मशीनसाठी."

"मशीनास तूं नको आतां," ते म्हणाले. हळू म्हणाले, कठोर नाही. "दिवाळी पुढल्या महिन्याच्या पहिल्या तारखेस. तुझें कराडचें सतरास."

"त्यांना कळवतो."

मी पत्र घडी घालून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचललं नाही, परतही दिलं नाही.

केबिनमध्ये आलो. श्रीनिधी विशालाक्षीला काहीतरी दाखवत होती. माझी खुर्ची थोडी मागे सरकवलेली होती. मी उभा राहून दिवा पाहिला. हिरवा होता. शिफ्ट संपेपर्यंत पाहिला.

चारुलताला फोन केला नाही. ती शाळेत असेल.

खिशात चौथा स्क्रू निघाला. उद्या बसवायला हवा. झाकण एका कोपऱ्याला उघडं राहतं, धूळ जाते.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी रोजच्या वेळी उठलो. सेंट्रलची गाडी सुटली असेल. कारखान्याची बस वेळेवर आली. खिडकीजवळ जागा मिळाली.